सात नंबर

सात नंबरकडे जाताना
ऐंशी पावलं अलीकडे थांबायचं.
गाडीच्या किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, फोन,
सगळं डब्यात काढून ठेवायचं.
पहिल्या खेपेला मी बांगडीतली सेफ्टी पिन विसरले.
आई म्हणायची, बाईजवळ एक पिन असावीच.
पृथ्वीला ते पटलं नसावं,
आलेखावर लगेच फोड उठला.

पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं म्हणजे असं,
सोवळ्यात.
पितळी स्क्रू, ॲल्युमिनियमचा खांब,
पीटच्या ओल्या काळ्या मातीत पुरलेली प्लास्टिकची नळी
आणि वर पाटाएवढं सौर पॅनेल,
दक्षिणेकडे तोंड करून,
तिकडून कुणी येणार असल्यासारखं.

शेटलंडच्या येल बेटावर अशी सात ठिकाणं.
ना तार, ना मीटर. दर मिनिटाला एक आकडा
हवेतून लर्विकला माझ्या टेबलावर येतो.
निदान उन्हाळ्यात येतो.
डिसेंबरात इथला सूर्य
चहाला न थांबणारा पाहुणा,
दारातूनच परत.
आधी दोन गेला, मग पाच,
तीन आणि सहा एकाच रात्री,
एक आणि चार नाताळच्या तोंडावर.
उरला सात.

आणि नेमका सातचाच आलेख खराब.
रोज दुपारी पावणेतीनला
चाळीस नॅनोटेस्लाची उसळी,
वीस मिनिटं, मग पुन्हा शहाण्यासारखी रेघ.
रविवारीसुद्धा.
मी म्हटलं, मेंढ्या असतील.
डंकन म्हणाला, लोखंडाच्या?

फेरीबोट पकडून गेले.
मिसेस इसबिस्टर, वय एक्याऐंशी,
मेंढ्यांना चारा टाकून,
लोखंडी बादली पालथी घालून
सातच्या शेजारी बसल्या होत्या.
हातात नवऱ्याचा एक लोकरी मोजा,
त्याने पॅनेलवरचं मीठ पुसत होत्या.
समुद्राचा वारा, म्हणाल्या, सगळं आंधळं करून टाकतो.
घराच्या खिडक्याही रोज पुसते. हे तर वाटेतच लागतं.

बादली आणू नका,
एवढं तरी सांगायला हवं होतं मी.
विचारलं भलतंच: ह्याच्याशी बोलता का तुम्ही?
छे, म्हणाल्या. त्याला काम असतं.

जानेवारीत सूर्यावर काहीतरी फुटलं
आणि दोन दिवसांनी इथे येऊन पोचलं.
आभाळ हिरवं, मग कडेने लाल.
कलिव्होची माणसं पायजम्यावर कोट चढवून
अंगणात उभी राहिली.
काही आकड्यांना तर मी दोनदा तपासलं.
सात नंबरने सगळं टिपून घेतलं, मिनिटामागून मिनिट,
सूर्याचंच खाऊन सूर्याची चहाडी.
एडिंबराहून फोन आला,
एवढं एकच जागं कसं राहिलं?
मी म्हटलं, बॅटरी चांगली निघाली.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला
पावणेतीनला काहीच झालं नाही.
दहालाही नाही.
इतका स्वच्छ आलेख मी पाहिलाच नव्हता.
सुटलो एकदाचे, डंकन म्हणाला.
खुबा मोडल्याचं मला दुकानात कळलं,
दुधाच्या रांगेत. बादलीला अडखळूनच पडल्या म्हणे.

त्या जुन्या उसळ्या अजून काढायच्या आहेत.
संगणक कारण विचारतो:
वाहन, जनावर, वीज, इतर.
मी बोट ‘इतर’पर्यंत नेते
आणि उचलते.

सातची बॅटरी: बारा पूर्णांक चार.
बारा.
अकरा पूर्णांक सात.

शनिवारची पहिली फेरीबोट साडेसहाला.
पिशवीत तो मोजा आहे,
वॉर्डात उशीखालून काढून त्यांनीच दिला.
धुतलेला नाही, म्हणाल्या,
पण मीठ निघतं.